पाठीवरचा तांदूळ

सिंगापूरला उन्हाळा येतो असं म्हणता येत नाही, कारण तो मुळात कधी जातच नाही. बाराही महिने तेच चिकट ऊन, दुपारी तोच धो धो पाऊस आणि पाऊस थांबल्यावर तोच वाफाळलेला रस्ता. इथल्या झाडांनाही पानं केव्हा गाळायची ते नक्की ठाऊक नसावं; एकाच रांगेतलं एक झाड फुललेलं असतं आणि शेजारचं बोडकं. इतकी वर्षं टॅम्पिनीसला राहून मी ऋतू ओळखायला शिकलो ते दुसऱ्याच खुणांवरून. शाळांना जूनची सुट्टी जवळ आली की खालच्या अंगणात पोरांचा आरडाओरडा वाढतो, फळवाल्याकडच्या डुरियनचा वास लिफ्टमध्ये शिरतो, आणि आमच्या कर्णिकांचा मेसेज येतो.

‘उद्यापासून जिने. तांदूळ भरा.’

एवढाच मजकूर. परक्या माणसाला वाटावं, कुणाच्या तरी घरी कार्य निघालंय. आम्हाला कळतं की तिकडे हिमाचलात वाटा मोकळ्या व्हायला लागल्या आणि वरच्या खिंडींमध्ये अजून बर्फ आहे.

कर्णिक बँकेतून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले, अंगाने काटक. त्यांनी आमच्यासारख्या पेन्शनीत निघालेल्या मंडळींचा एक गट जमवला. कुणी इंजिनिअर होतं, कुणी माझ्यासारखं हिशेब तपासनीस. नोकरीसाठी दोन वर्षांकरता म्हणून आलो आणि इथेच राहिलो. सगळ्यांचे गुडघे कुरकुरणारे. दर जूनमध्ये कर्णिक आम्हाला बर्फातून चालायला न्यायचे. पण सराव कुठे करायचा? या देशात डोंगर म्हणून जे काही आहे ते आमच्या पर्वतीपुढेही लाजेल. मग उरतात ते फ्लॅटचे जिने. डोंगरात पाठीवर पिशवी असते, म्हणून जिना चढतानाही पाठीवर वजन हवं, आणि ते वजन तांदळाचं, असा कर्णिकांचा नियम. “परत आल्यावर भात तरी होतो,” असं ते म्हणत. एकाने पाण्याच्या बाटल्या भरून आणल्या होत्या. आठव्या मजल्यावर कुणाच्या तरी कुंडीतल्या तुळशीला तो गुपचूप पाणी घालताना सापडला. तेव्हापासून बाटल्या बाद.

सकाळी उजाडता उजाडता आम्ही आमच्याच ब्लॉकच्या तळाशी जमायचो, आणि यिशुनहून कर्णिक पाठीवर तांदूळ घेऊन एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, यायचे. जिन्यात वारा नाही. एका मजल्यावर उदबत्तीचा वास, पुढच्या मजल्यावर लसणीच्या फोडणीचा, त्याच्या वर कुणाचे तरी ओले बूट. चौथ्या मजल्यावरच्या चिनी आजीबाई दार उघडून आमची ती वरात बघायच्या आणि रोज तेच विचारायच्या, “लिफ्ट स्पॉइल आ, अंकल?” मी धापा टाकत म्हणायचो, “नो, आंटी, एक्सरसाइज.” त्या माझ्या घामेजल्या तोंडाकडे पाहून म्हणायच्या, “आय्यो, सो ओल्ड ऑरेडी, डोन्ट प्ले प्ले लाह.” म्हणजे, या वयात असले खेळ नकोत. बर्फाचा सराव आम्ही ईस्ट कोस्टच्या वाळूत करायचो, कारण पाय रुततो म्हणजे काय ते दुसरीकडे कळणार कुठे? आणि थंडीचा सराव म्हणून कर्णिकांची बायको आम्हाला सुपरमार्केटमधल्या गोठवलेल्या मटारांपुढे उभं करायची. हसू नका, आम्ही खरोखर उभे राहायचो.

या सगळ्यात माझी बायको, शैला, सर्वांत पुढे. तिचं चालणं पहिल्यापासून तसं. लग्नानंतर मंडईत गेलो तेव्हाही ती पुढे आणि मी मागे पिशव्या सांभाळत. मधेच थांबून, मान वळवून विचारायची, “येताय ना?” आणि मी म्हणायचो, “आलो, आलो.” आमच्या संसारात सर्वांत जास्त वेळा बोललं गेलेलं वाक्य कुठलं असं कुणी विचारलं, तर हेच दोन तुकडे निघतील.

यंदाचा मेसेज आला तेव्हा मी फोन उलटा करून टेबलावर ठेवला. शैला खिडकीपाशी खुर्चीत होती. तिचा उजवा हात मांडीवर थरथरत होता, अदृश्य जपमाळ ओढत असल्यासारखा.

“कर्णिक भावजींचा ना?” ती म्हणाली. आवाजही हल्ली बारीक झालाय. मला वाकून ऐकावं लागतं.

“हो.”

“मग भरा तांदूळ. माझ्याही पिशवीत भरा. कोलम नको हं, तो खायला ठेवा.”

“शैला, अगं...”

“मला बर्फ बघायचाय,” ती म्हणाली, आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली. खिडकीबाहेर समोरच्या ब्लॉकच्या काठ्यांवर कपडे वाळत होते.

तिला जो बर्फ बघायचा होता तो मला माहीत होता. चार वर्षांपूर्वीचा जून. मनालीच्या वरच्या अंगाला एक खिंड. खाली देवदारांचा ओला वास, मेंढ्यांच्या लेंड्या, ओढ्यावर टाकलेलं लाकूड. मग झाडं संपली, गवत आखूड झालं, आणि एका वळणानंतर वाटच पांढरी झाली. उन्हाळ्यातला बर्फ चित्रातल्यासारखा शुभ्र नसतो. वर धूळ बसलेली, खाली पाणी वाहत असलेलं. कान दिला तर पायांखालून झुळझुळ ऐकू येते. सकाळी तो कडक असतो आणि बुटाखाली करकर वाजतो, दुपारी भिजवलेल्या रव्यासारखा होतो. उजेड इतका की काळ्या चष्म्याआडूनही डोळे मिटावेसे वाटतात. टॅम्पिनीसच्या जिन्यात घाम पुसत आम्ही ज्याची तयारी केली होती, ते हे होतं. 

मग शैलाने पिशवीतून एक छोटी बाटली काढली. कोकमचं आगळ, साखर घालून दाट केलेलं. टॅम्पिनीसहून हिमालयापर्यंत तिने ते कपड्यांत गुंडाळून आणलं होतं आणि मला पत्ता लागू दिला नव्हता. वरची धूळ खरवडून तिने खालचा स्वच्छ बर्फ वाट्यांमध्ये भरला आणि त्यावर लालभडक आगळ ओतलं. साठी-सत्तरीची माणसं हातमोजे काढून, खिंडीच्या तोंडाशी फतकल मारून बर्फाचा गोळा चोखत बसली. आमचे गाईड ठाकूरजी कपाळाला हात लावून म्हणाले, “माताजी, सबका गला बैठ जाएगा.” शैला म्हणाली, “बैठने दो. कल उठ जाएगा.” तिचे ओठ लाल झाले होते. तेव्हा ती चौसष्टची होती, आणि मला ती त्या दिवशी फार आवडली. हे मी तिला तिथे सांगितलं नाही, कारण कर्णिक शेजारीच बसले होते.

खिंडीच्या पलीकडे एक उतार होता. फार मोठा नव्हे. पण आडवा कापायचा, आणि डाव्या हाताला खाली खोल निळसर दरी. सगळे पार झाले. मी मध्यावर गेलो, खाली पाहिलं, आणि माझे पाय थांबले. भीती वाटली असं म्हणणं अपुरं आहे. मी पायांना सांगत होतो आणि पाय ऐकत नव्हते. ते माझे नव्हतेच जणू. ठाकूरजी पुढच्यांना घेऊन लांब गेले होते. मागे वळता येईना, पुढे जाता येईना. 

शैला परत आली. तोंड माझ्याकडे करून, चार पावलांवर उभी राहिली. आरडाओरडा नाही, थट्टा नाही. एरवी माझी थट्टा करायची संधी ती सोडत नाही. “दरीकडे बघू नका,” ती म्हणाली, “माझ्या बुटांकडे बघा.” मग तिने बूट जोरात आपटून बर्फात एक खळगा केला, पाय उचलून घेतला, आणि त्या रिकाम्या खळग्याकडे बोट केलं. “इथे ठेवा.” मी ठेवला. तिने मागे सरकत दुसरा केला. “आता इथे.” अशी ती उलटी चालत गेली, दरीला न भिता, आणि तिच्या प्रत्येक पावलात माझं पाऊल बरोबर बसत गेलं. पलीकडे पोहोचल्यावर तिने पाठ फिरवली आणि नेहमीच्या चालीने निघाली. थोडं पुढे जाऊन म्हणाली, “येताय ना?”

दोन वर्षांनी एमआरटीच्या फाटकाशी ती थांबली. कार्ड लावलं, फाटक उघडलं, आणि ती तिथेच. मागे ऑफिसला निघालेल्या लोकांची रांग तुंबली. मला वाटलं, कार्ड चाललं नाही. ती हळूच म्हणाली, “अहो, पाय चिकटला.” मी खाली पाहिलं, च्युइंग गम या देशात मिळत नाही, मग चिकटणार कशाला? फाटक पुन्हा बंद झालं. सगळे शेजारच्या फाटकांतून निघून गेले. ती मात्र उभी होती, कमरेतून पुढे झुकलेली.

डॉक्टरांनी पार्किन्सन्स म्हणून सांगितलं. गोळ्या आल्या, त्यांच्या वेळा आल्या. औषध लागू असेल तेव्हा ती जवळजवळ पहिल्यासारखी असते, आणि उतरलं की फरशीला खिळते. त्यातही दार आलं की हमखास. आपल्या स्वयंपाकघराचं दार, बाथरूमचं दार, सर्वांत वाईट लिफ्टचं. लग्नानंतर आमच्या घरात येताना हिने माप असं उडवलं होतं की तांदूळ थेट माजघरात गेला होता, माझी आई म्हणाली होती, “सून आणली की सेंटर फॉरवर्ड?” त्याच बाईला उंबरासुद्धा नसलेलं दार ओलांडता येत नाही, हे मी रोज बघतो. मी हात धरून ओढलं तर ती आणखी घट्ट होते. पाठीमागून आधार दिला तर तोल जातो. “चल, चल” म्हटलं तर डोळ्यांत पाणी येतं. म्हणजे मी जे जे करू शकतो, त्यातलं काहीच करायचं नसतं.

फिजिओथेरपीच्या बाईंनी एक युक्ती सांगितली. सपाट जमीन असली की पाय अडतो. पण आडवी रेघ दिसली तर पाय ती ओलांडायला उचलतो. का, ते त्यांनी समजावलं, मला नीटसं कळलं नाही. मी घरभर निळ्या चिकटपट्ट्या लावल्या. हॉलमधून स्वयंपाकघराकडे, पलंगापासून बाथरूमपर्यंत. आमच्या मुलीने, मुग्धाने, सेरंगूनहून येऊन ते पाहिलं आणि म्हणाली, “बाबा, इट्स लाइक अ झेब्रा क्रॉसिंग लाह.” मग आत जाऊन तोंड धुऊन आली. मी पट्ट्यांपुढे उलटा चालतो, शैलाकडे तोंड करून, आणि म्हणतो, “माझ्या पायांकडे बघ.” कधी चालतं. कधी चालत नाही. फरशी गार, गुळगुळीत. कितीही पाय आपटला तरी तिच्यावर काही उमटत नाही.

आणि यातली सर्वांत चमत्कारिक गोष्ट म्हणजे जिना तिला येतो. एकदा लिफ्ट खरोखरच बंद होती तेव्हा कळलं. मी घाबरून उभा, आणि ही कठडा धरून एकेक पायरी चढत निघाली सुद्धा. प्रत्येक पायरीची कड म्हणजे एक रेघच ना! सपाटीवर दोन पावलं टाकताना रडवेली होणारी बाई जिना चढते, हे पाहून मला आनंद झाला आणि लगेच भीतीही वाटली, कारण तिच्या डोक्यात काय आलं असणार ते मला त्याच क्षणी समजलं.

मेसेजनंतर कर्णिक चहाला आले. मीच बोलावलं होतं. नाही म्हणायचं काम त्यांनी करावं, असा माझा बेत होता.

“वहिनी, यंदा वाट जरा अवघड आहे म्हणतात,” ते कपात बघत म्हणाले.

“वाटेला काय झालं?”

“बर्फ जास्त आहे.”

“मग चांगलंच की.” ती हसली. हल्ली तिचा चेहरा फारसा हलत नाही, पण ती कधी हसते ते मला डोळ्यांवरून कळतं. “भावजी, मला चढता येतं. यांना विचारा.”

कर्णिकांनी माझ्याकडे पाहिलं. मी बशीतल्या चकलीकडे पाहिलं. खिंडीपर्यंत पोहोचायला किती सपाट माळ तुडवावे लागतात, तंबूचं दार केवढंसं असतं, औषध उतरल्यावर त्या उतारावर मधोमध तिचे पाय थांबले तर कोण काय करणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. आणि तिलाही ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. पण समोर बसून तिला हे सांगण्याची ताकद आम्हा दोघांपैकी एकाकडेही नव्हती.

“उद्या जिन्यावर या,” कर्णिक शेवटी म्हणाले. “मग बघू.”

ते गेल्यावर तिने बूट मागितले. ते मी बॉम्ब शेल्टरमध्ये जपून ठेवले होते. आमच्या फ्लॅटमध्ये युद्धासाठी म्हणून जाड भिंतींची एक खोली असते आणि सगळे तिच्यात बॅगा, पंखे आणि दिवाळीचे कंदील ठेवतात. बूट धुऊन, कागद भरून, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवले होते. काढले तर वरून अगदी नवे. हातात धरून वाकवला, तर तळवा भुगा होऊन माझ्या मांडीवर पडला. इथल्या दमट हवेत न वापरलेल्या बुटांचं असंच होतं म्हणे. रोज घातले असते तर टिकले असते. मी तो काळा भुगा झाडत बसलो. मला रडू येत होतं आणि बुटांसाठी रडायचं म्हणजे काहीतरीच.

“असू दे,” शैला म्हणाली. “रोजचे घालीन.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गोळीचा अंमल होता तेव्हाच आम्ही निघालो. तिच्या पाठीवरच्या पिशवीत मी मूठभर तांदळाची पुरचुंडी ठेवली आणि बाकीचा माझ्या पिशवीत घेतला. ती कठडा धरून चढू लागली. मी मागे. गटातले सगळे तिच्यामागे, कुणीही पुढे जाईना. उदबत्ती, लसूण, ओले बूट. चौथ्या मजल्यावरच्या आजीबाईंनी दार उघडलं, पाहिलं, आणि या वेळी लिफ्टचं काही विचारलं नाही. “वा, आंटी, स्ट्राँग आ,” म्हणाल्या. शैलाने मान वळवली आणि माझ्याकडे पाहून विचारलं, “येताय ना?” “आलो, आलो,” मी म्हणालो. किती दिवसांनी म्हणालो! माझ्या मनात आलं, कदाचित. त्या जिन्यात, त्या घामात, मी खरंच ‘कदाचित’ म्हणालो.

ती शेवटच्या मजल्यावर पोहोचली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जिना संपला होता. समोर लांब, सपाट, करड्या सिमेंटचा कॉरिडॉर आणि टोकाला लिफ्ट. उतरताना गुडघ्यांसाठी लिफ्टच घ्यायची, हाही कर्णिकांचाच नियम.

शैला थांबली. टाळ्या थांबल्या.

तिचा उजवा पाय जागच्या जागी थरथरत होता. कमरेतून ती पुढे झुकत चालली. मी पुढे झालो, वळलो, तिच्याकडे तोंड केलं. “माझ्या पायांकडे बघ.” मी सिमेंटवर पाय आपटला आणि उचलून घेतला. तिने तिथे पाहिलं. मी पुन्हा आपटला, जोरात.

“कुठे ठेवू?” ती म्हणाली. “दिसत नाही हो.”

माझ्याकडे चिकटपट्टी नव्हती. माझ्याकडे तांदूळ होता. मी पिशवी पुढे घेतली, आतलं तांदळाचं पाकीट फाडलं, आणि वाकून तिच्या पायापुढे तांदळाची एक आडवी रेघ ओढली. कॉरिडॉरमध्ये असलं काही सांडलं तर दंड होतो की काय, कुणास ठाऊक. तिने रेघेकडे पाहिलं. पाय उचलला. ओलांडला. मी मागे सरकून दुसरी ओढली, मग तिसरी. करड्या सिमेंटवर पांढऱ्या रेघा.  अर्ध्या वाटेवर माझा तांदूळ संपत आला, तेव्हा कर्णिकांनी आपली पिशवी उतरवली आणि गुडघ्यांवर बसून रेघ ओढली. मग त्यांच्या बायकोने.

लिफ्टच्या अलीकडे शैला थांबली. या वेळी अडली म्हणून नव्हे. तिने मागे वळून त्या सगळ्या रेघा पाहिल्या.

“एवढा तांदूळ तिकडे कुठून आणणार, भावजी?” ती म्हणाली. “तुम्ही जाऊन या.”

कर्णिक गुडघ्यांवरच बसून राहिले. मग ते तांदूळ गोळा करायला लागले.

लिफ्ट आली. मी तिच्या पाठीवरच्या पुरचुंडीतला तांदूळ मुठीत घेतला, आत गेलो, दार उघडं ठेवायचं बटण दाबून धरलं, आणि दुसऱ्या हाताने दारात शेवटची रेघ ओढली. तिने उजवा पाय उचलून आत ठेवला. डावा बाहेर राहिला. लिफ्ट टीं टीं करायला लागली. मी बटण सोडलं नाही. ओढलं नाही, “चल” म्हटलं नाही. अंगठा पांढरा पडला.

“आले, आले,” ती म्हणाली.